शिकवलेली पोरं निघून जातात, मग शिकवायचं कशाला?

प्रश्न :

सर, नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका बंदरात माझं लाँचच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. मेस्त्री, वेल्डर, लेथवाला, हेल्पर धरून चौदा माणसं आहेत. दरवर्षी आयटीआय डिझेल मेकॅनिक झालेली दोन-तीन पोरं घेतो. आपल्याच गावातली, गरिबाघरची. पहिले चार महिने त्यांचा काही उपयोग नसतो, उलट सामान फुकट घालवतात. जरा हात बसला की येऊन सांगतात, ‘शेठ, लोट्याला कंपनीत लागलो.’ गेल्या वर्षी एक जण मासेमारी बंदी उठायच्या आठवडाभर आधी गेला. तेव्हा माझ्याकडे सहा लाँचींची इंजिनं उघडी पडलेली होती. नाखवे डोक्यावर बसले होते. आमचे मोठे मेस्त्री बासष्ट वर्षांचे आहेत, कामात वाघ, पण स्वभावाने अबोल. माझा मुलगा पुण्याला आयटीत आहे, तो यात पडणार नाही.

आता वाटतं, पोरं घेणंच बंद करावं आणि बाहेरून तयार माणूस आणावा. एका ओळखीच्याने सुचवलं की मूळ मार्कशीट ठेवून घे आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घे. आयटीआयचे सर म्हणतात, रीतसर अप्रेंटिस घ्या, सरकार पैसे देतं. खरंच देतं का? कटकट किती? आणि पोरं टिकतील का?

– एक वर्कशॉपमालक, रत्नागिरी तालुका

उत्तर :

नमस्कार. मूळ मार्कशीट ठेवून घ्यायचं आधी डोक्यातून काढा. दुसऱ्याची कागदपत्रं अशी अडकवून ठेवायचा मालकाला हक्क नाही. उद्या एखाद्या मुलाचा बाप पोलिसात गेला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, सुचवणाऱ्या ओळखीच्याला नाही. शिवाय ही बातमी आयटीआयच्या गेटवर पोचायला एक दिवस पुरतो. पुढच्या वर्षी ज्याला कुठेच जागा मिळाली नाही तेवढाच मुलगा तुमच्याकडे येईल.

बाँडचं थोडं वेगळं आहे. मुलगा रीतसर अप्रेंटिस म्हणून घेतलात तर त्याला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ लागतो. त्याच्या कलम २२ प्रमाणे, प्रशिक्षणाचं वर्ष संपल्यावर मुलाला नोकरीत घ्यायचं की नाही, याचं धोरण तुम्हीच ठरवायचं असतं. पण करारातच अट घातली, की प्रशिक्षणानंतर याने इथेच इतका काळ काम करायचं, तर मात्र दोघंही बांधले जातात. त्याला थांबावं लागतं आणि तुम्हाला त्याला योग्य ती नोकरी, ठरलेल्या पगाराने द्यावीच लागते. मुदत किंवा पगार वाजवी नाही असं वाटलं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार, म्हणजे या कायद्याखालचा सरकारी अधिकारी, ती अट बदलू शकतो. म्हणजे तुम्हाला हवा तसा, फक्त मुलाला जखडणारा बाँड या कायद्यात बसत नाही. दोन वर्षं त्याला अमुक पगार देईन असं आजच लिहून द्यायची तुमची तयारी असेल तर अट जरूर घाला. मला विचाराल तर पहिल्या वर्षी घालू नका. मुलगा कसा निघतो ते तुम्हालाही बघायचंय.

आता मुलं का जातात, याकडे येतो. पगार हे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरं एक कारण आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. सोयरीक जुळवताना मुलीकडचे विचारतात, मुलगा काय करतो? ‘लोट्याला कंपनीत आहे’ म्हटलं की पुढची बोलणी होतात. ‘बंदरावर वर्कशॉपला आहे’ म्हटलं की चहा येतो आणि विषय बदलतो. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेल्या मुलाला त्याच्या ट्रेडचं काम मिळतं. तुमचा डिझेल मेकॅनिक तिथे बहुधा कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून उभा राहतो. तरी तो जातो, कारण गळ्यात ओळखपत्र असतं, पगार बँकेत येतो, आणि मोटारसायकलच्या कर्जाला दाखवायला स्लिप असते. तुमच्याकडे त्याला यातलं काय मिळतं? पाकिटातून पैसे आणि ‘ए पोरा’ अशी हाक. नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, बँकेतून पगार, छापील स्लिप यांचा तुम्हाला पडणारा खर्च नगण्य आहे. ते याच महिन्यात सुरू करा, सगळ्या चौदा जणांसाठी.

पण खरी गोम तुम्ही तुमच्या पत्रात जाताजाता लिहून गेला आहात. मोठे मेस्त्री अबोल आहेत. तुम्ही म्हणता, पोरं शिकली की जातात. मला शंका आहे की ती शिकतच नाहीत; पाने देतात, ग्रीस पुसतात, डिझेलचे कॅन उचलतात, आणि बघून बघून जेवढं डोळ्यांत राहील तेवढं घेऊन जातात. चार महिने उपयोग होत नाही याचा अर्थ चार महिने त्यांना कोणी काही सांगत नाही.

ग्लँडचंच घ्या. पंखा फिरवणारा शाफ्ट जिथून होडीच्या बाहेर पाण्यात जातो तिथली ग्लँड, पॅकिंगची दोरी भरलेली. नवा मुलगा बघतो की तिथून थेंब थेंब पाणी आत येतंय. होडीत पाणी येणं वाईटच, म्हणून तो पाना घेऊन नट आवळतो, पाणी बंद करतो आणि खूश होतो. मेस्त्री येतात, बघतात, एक शब्द न बोलता नट पुन्हा ढिला करतात आणि निघून जातात. मुलाला एवढंच कळतं की आपण काहीतरी चुकलो आणि चारचौघांत आपली शोभा झाली. शाफ्ट फिरताना ते थेंब यायलाच हवेत, त्या पाण्यानेच ग्लँड थंड राहते, कोरडी पडली की दोरी जळते आणि शाफ्टला चरे पडतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दोन वाक्यांचं काम. ती दोन वाक्यं न बोलल्यामुळे तो पुढच्या लाँचीवर एकतर पुन्हा आवळणार, नाहीतर ग्लँडला हातच लावणार नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमात सागरी इंजिनाचा भाग आहे, पण तो बहुतेक ठिकाणी फळ्यावरच उरकतो, कारण वर्कशॉपमध्ये उघडायला असतं ते गाडीचं इंजिन. शाफ्ट, ग्लँड, पंखा, खाऱ्या पाण्याचा पंप, झिंकचे तुकडे हे सगळं मुलगा पहिल्यांदा बघतो ते तुमच्याकडे.

कपलिंग जुळवणं ही तर त्याहून नाजूक गोष्ट. इंजिनाची आणि शाफ्टची तोंडं समोरासमोर आणून फीलर गेजने चारी बाजूंनी फट मोजायची, फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवायचा. होडी वर ओढलेली असताना सगळं बरोबर येतं. पाण्यात उतरवली की बूड थोडं हलतं आणि तोच आकडा बदलतो, म्हणून पाण्यात दोन-चार दिवस राहू देऊन पुन्हा मोजायचं असतं. तुमच्याकडे हे मेस्त्रींशिवाय कोणाला स्वतःच्या हाताने येतं? उत्तर ‘कोणालाच नाही’ असेल तर तुमची अडचण निघून गेलेल्या पोरांपेक्षा मोठी आहे. मेस्त्री बासष्टचे आहेत. त्यांचा गुडघा एक दिवस बिल्जमध्ये, म्हणजे लाँचीच्या तळात, उतरायला नकार देईल, आणि त्या दिवशी तुमच्या वर्कशॉपमध्ये बाकीची तेरा माणसं आणि मोजके पाने उरतील.

तेव्हा सुरुवात मेस्त्रींपासून करा. ते शिकवत नाहीत हा दुष्टपणा नव्हे. त्यांना कोणी बसवून शिकवलेलं नाही. उस्तादाने पाना फेकून मारला आणि ते बघून शिकले, त्यांना शिकण्याची तेवढीच रीत माहीत. दुसरं म्हणजे साठी उलटलेल्या कारागिराला भीती असते, की आपल्याला येतं ते दोघांना आलं की शेठ आपल्याला घरी बसवणार. ही भीती तुमच्या तोंडून जायला हवी. त्यांना एकटं गाठून स्पष्ट सांगा की पगार तोच राहील, इंजिन उचलायचा चेन ब्लॉक ओढणं आणि इंजिनाखाली घुसणं सुटेल, आणि तुमचं काम आता पोरांनी केलेलं तपासणं. आणि त्याचे वेगळे पैसे द्या, दर मुलामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम. ‘शिकवा हो जरा’ अशी विनंती महिनाभर टिकते. ज्याचे पैसे मिळतात ते काम होतं.

अबोल माणसाला भाषण करायला लावू नका, त्यांना जमणार नाही आणि मुलंही ऐकणार नाहीत. उलटं करा. बोलायचं मुलाने. एखादं काम हातात घ्यायच्या आधी मुलाने मेस्त्रींसमोर उभं राहून सांगायचं, मी आधी हे काढणार, मग ते, मग हे मोजणार. मेस्त्री ‘हं’ म्हणतील किंवा मान हलवतील. मान हलवली की मुलाने पुन्हा विचार करायचा. अबोल माणसाकडूनही इतकं होतं, आणि मुलाचं डोकं आधी चालतं, हात मागून. शिवाय मुलांच्या हातात दिवसभर फोन असतोच. मेस्त्री कपलिंग जुळवत असतील तेव्हा त्याच फोनवर व्हिडिओ काढून ठेवायला सांगा. मेस्त्री आधी वैतागतील. मग कधीतरी स्वतःच म्हणतील, अरे इकडून घे, तिकडून काही दिसत नाही.

वर्षाची आखणी बंदीच्या हिशेबाने करा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मोठी दुरुस्ती त्याच ६१ दिवसांत. आयटीआयची वार्षिक परीक्षा पावसाळ्यात होते, त्यामुळे नवे मुलगे साधारण गणपतीनंतर, दसऱ्याच्या आसपास मोकळे होतात. म्हणजे मुलगा तुमच्याकडे येतो तेव्हा लाँची समुद्रात असतात आणि वर्कशॉपमध्ये मोठं काम नसतं. तुम्ही त्याला झाडलोटीला लावता ते इथेच. खरं तर शिकवायला हाच सगळ्यात चांगला काळ आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर लाँची चालता-चालता बिघडून येतात: इंजिन तापतंय, गाळणीत प्लास्टिक नाहीतर जेलीफिश अडकलंय, पंपाच्या इंपेलरची पाती तुटलीत, डिझेलमध्ये पाणी आलंय, स्टार्टर घेत नाही, पंख्यात जाळं गुंडाळलंय. बिघाड शोधायची सवय इथे लागते. मुलाला एक वही द्या. लाँच आली काय तक्रार घेऊन, निघालं काय, किती वेळ लागला. तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, म्हणाला ते आणि प्रत्यक्षात निघालं ते यातला फरक महिन्याभरात त्यालाच दिसायला लागतो. अप्रेंटिसच्या कामाची नोंद कायद्यानेही ठेवावी लागते, तेव्हा ही वही दुहेरी कामाची.

नाताळ उलटला की हेड उतरवणं, टॅपेट लावणं, इंजेक्टर काढून तपासून घेणं, गिअरबॉक्स. एप्रिल-मेमध्ये त्याला सुट्या भागांची यादी करायला बसवा. कुठल्या लाँचीला काय लागणार, किती दिवस आधी मागवायचं. हे काम आज तुम्ही एकटे करत असणार आणि दर जुलैत एखादं गॅस्केट कोल्हापूरहून यायची वाट बघत बसत असणार. मग १ जूनला त्याला एक लाँच नेमून द्या. पूर्ण एक. मेस्त्री तीन जागी तपासतील: इंजिन उघडल्यावर, जोडताना, आणि कपलिंगला. बाकी त्याचं त्याने. आणि ऑगस्टमध्ये ती लाँच पाण्यात चालवून बघायला जाईल तेव्हा तो त्या लाँचीवर असलाच पाहिजे. नाखव्याला माहीत असलं पाहिजे की हे इंजिन कोणी बांधलं. स्वतः बांधलेलं इंजिन ज्याच्या नावावर आहे तो मुलगा हंगामाच्या तोंडावर सहसा पळत नाही. पळालाच तर त्याची आई त्याला घरात घेणार नाही, कारण निम्मे नाखवे त्यांच्याच वाडीतले.

शिमग्याला आणि गणपतीला मुलं गायब होणार, हे धरूनच चाला. त्यावर चिडण्यात काही हशील नाही.

आता रीतसर अप्रेंटिसचं. घ्या असंच मी म्हणेन, पण सरकार पैसे देतं या आशेवर घेऊ नका. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके घेता येतात, म्हणजे तुमच्या चौदा माणसांवर दोन. तुम्ही तसेही दोन-तीन घेताच. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या मुलाचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये. सध्याचा दर करार भरताना अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर बघून घ्या आणि त्याच्या खाली जाऊ नका. वर जायला कोणी अडवलेलं नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये आली, तिच्यात सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका वाटा उचलतं. आणि हा वाटा आता मुलाच्या खात्यात थेट जमा होतो, तुमच्या हातात येत नाही. आयटीआयच्या सरांनी बहुधा एवढंच सांगितलं नसेल. सरकारचा वाटा यायला उशीर झाला तरी तुमचा हिस्सा महिन्याच्या महिन्याला गेला पाहिजे. मुलगा दिल्लीला ओळखत नाही, तो तुम्हालाच ओळखतो.

या अप्रेंटिसला भविष्यनिधी आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होत नाहीत. पण काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमची, आणि सुरक्षिततेचे नियम कामगारासारखेच. ओव्हरटाइम सल्लागाराच्या परवानगीशिवाय देता येत नाही. जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात तुमच्याकडे रात्री अकरापर्यंत दिवे जळत असणार, तिथे हे आड येईल. आड येऊ द्या. चौदा तास जागलेला एकोणीस वर्षांचा मुलगा चेन ब्लॉकखाली उभा असणं कोणालाच परवडणारं नाही.

कटकट म्हणाल तर पहिल्यांदा आहे. पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी, मुलाची नोंदणी, करार, हे सगळं ऑनलाइन. जिल्ह्याच्या सरकारी आयटीआयमध्ये बीटीआरआय, म्हणजे अप्रेंटिसच्या मूलभूत प्रशिक्षणाचं, केंद्र असतं, तिथली माणसं हेच काम रोज करतात. एक दुपार घेऊन तिथे जाऊन बसा. शॉप अॅक्टचा किंवा उद्यम नोंदणीचा कागद, पॅन आणि बँकेचा तपशील सोबत ठेवा. दुसऱ्या वर्षी तुमचा हिशेबनीसच करेल.

एवढं करून मुलाला काय मिळतं? वर्ष संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देता येते आणि पास झाला तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. सरकारी उपक्रमांच्या भरतीच्या जाहिरातींत अप्रेंटिसशिप झाली आहे का हे विचारलं जातं, ते याच कागदाबद्दल. तुमच्याकडचं साधं अनुभवपत्र तिथे चालत नाही. आणि मालकाच्या बाजूने बघायचं तर वर्षाआधी निघून जायचा मोह इथे कमी होतो, कारण निघाला तर परीक्षा जाते. ऑक्टोबर ते सप्टेंबर असा करार केलात तर सगळी बंदी आणि हंगामाची सुरुवात त्याच्या आत बसते. गेल्या वर्षीची तुमची आठवडाभराची पंचाईत तिथेच टळली असती. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेशी याची गल्लत करू नका. तिथे विद्यावेतन सरकार देतं हे खरं, पण शेवटी ट्रेडची परीक्षा नाही.

जूनच्या आधी, एप्रिलमध्येच, मुलाला बोलावून सांगा की वर्ष संपल्यावर थांबायचं असेल तर पगार किती, हुद्दा काय. आकडा लिहून द्या. त्याने लोट्याच्या कंत्राटदाराशी तुलना करू दे. तुमचा आकडा थोडा कमी असला तरी घरचं जेवण आणि खोलीभाडं नाही हे त्याला कळतं, पण आकडाच माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार? आणि नारळी पौर्णिमेनंतर काही रक्कम हातावर ठेवा, दुरुस्तीचा हंगाम पार पडल्याची. दर बंदीला सगळ्यांना मिळते असं माहीत झालं की जुलैत जाणारे सप्टेंबरपर्यंत थांबतात.

तरीही काही जातील. दोघांतला एक राहिला तर चांगलं वर्ष म्हणा. जो जाईल तो जयगडला किंवा हर्णेला स्वतःचं छोटं दुकान टाकेल, नाहीतर आखातात बोटीवर जाईल. त्यांचे फोन नंबर ठेवा. बंदीच्या दिवसांत दोन महिन्यांसाठी रोजावर यायला यातला एखादा तयार असतो, आणि त्याला तुमचं वर्कशॉप पाठ असतं.

बाहेरून तयार माणूस आणायला माझी हरकत नाही. लाँचीवर खलाशी नेपाळचे चालतात, तर मेकॅनिक परप्रांतातला का नको? पण तोही त्याच्या गावच्या सणाला जाणारच, आणि जास्त पैसे मिळाले की दुसऱ्या बंदराला जाणारच. एक आणा, मेस्त्रींच्या जोडीला. त्याच्याकडूनही मुलांना शिकवायचे वेगळे पैसे ठरवून घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. तुमच्याकडे सगळं होत नाही. फ्यूएल पंपाचं कॅलिब्रेशन शहरातल्या दुकानात जातं, पंखा सरळ करणारा वेगळा, वायरिंगवाला तिसरा. कायद्यात अनेक मालकांनी मिळून प्रशिक्षण द्यायची सोय आहे. तुमच्या बंदरातल्या चार-पाच वर्कशॉपमालकांनी एकत्र बसून मुलं एकमेकांकडे महिना-महिना फिरवली तर त्यांचं शिक्षण पुरं होईल. अट एकच ठेवा, वर्ष पुरं होण्याआधी दुसऱ्याचा मुलगा कोणी फोडायचा नाही. हे आपापसांत पाळलं जाईल का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मिरकरवाड्यापासून साखरी नाट्यापर्यंत कोण कोणाशी बोलतो आणि कोण नाही, ते तुम्हीच सांगू शकाल. आणि वायरिंगवरून आठवलं. लाँचीवर आता जीपीएस, फिश फाइंडर, व्हीएचएफ रेडिओ, होडीची जागा कळवणारं एआयएस, बॅटऱ्यांचा पसारा असतो. आयटीआयला इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मुली असतात, त्यातल्या पुष्कळ जणी जिल्हा सोडून जाऊ शकत नाहीत किंवा त्यांना जायचं नसतं. वर्कशॉपमध्ये स्वच्छतागृह नीट करा आणि एका मुलीला घेऊन बघा. नाखवे आधी हसतील, बॅटरी चार्ज व्हायला लागली की हसणं थांबतं.

आयटीआयशी नातं फक्त सप्टेंबरात मुलं मागण्यापुरतं ठेवू नका. संस्था व्यवस्थापन समितीत उद्योजकांना जागा असते, प्राचार्यांना भेटा. आणि तुमच्या अंगणात गंजत पडलेलं एखादं सागरी इंजिन, खाऱ्या पाण्याच्या पंपासकट, त्यांच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्कशॉपला देऊन टाका. भंगारात त्याचे जे येतील त्याहून जास्त तुम्हाला परत मिळतं, कारण मग तुमच्याकडे येणारा मुलगा इंपेलर बघून आलेला असतो. मत्स्यव्यवसाय विभागाचं सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि इंजिन देखभालीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण रत्नागिरीत चालतं, तिथली मच्छीमारांची मुलंही विचारून बघा. समुद्राचं त्यांना आधीच माहीत असतं.

सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात मेस्त्रींशी बोला. पुढच्या आठवड्यात बीटीआरआय केंद्रात जा, आणि विमा एजंटाला बोलावून चौदा अधिक दोन जणांच्या अपघात विम्याचा आकडा काढून घ्या, कारण तो करार भरायच्या आधी हाताशी असलेला बरा.